वजन पाटे उचलतात, जंपर नव्हे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कच्छच्या रणातल्या सहलींविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. परवाने, पिण्याचं पाणी, रात्रीची थंडी, वाट चुकली तर काय करायचं, हे सगळं लेखकाने मनापासून लिहिलं आहे आणि ते उपयोगाचंही आहे. फक्त गाडीच्या तयारीविषयी लिहिताना त्यांनी एक वाक्य टाकलं आहे: सामान भरपूर असेल तर बाजारात मिळतील ते सर्वांत कडक शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवून घ्या, म्हणजे गाडी मागून बसणार नाही. त्या एका वाक्यासाठी मी हे पत्र लिहिते आहे. (शॉक म्हणजे चाकाची उसळी आवरणारी तेलाची नळी, आपल्या गुजरातेत तिला जंपर म्हणतात.) हाच सल्ला मानून आम्ही गेल्या फेब्रुवारीत खाराघोड्याच्या पुढे, भर रणात अडकलो होतो आणि गाडीत माझी अकरा वर्षांची नात होती.

मी बडोद्यातल्या एका माध्यमिक शाळेत ३२ वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर यजमानांनी आणि मी मिळून चारही चाकांना जोर जाणारी एक जुनी गाडी घेतली. पुढे कॉइल स्प्रिंगा, मागे पाटे, म्हणजे स्प्रिंगचंच काम करणारी लोखंडी पट्ट्यांची थप्पी. वर्षभर ती गावातच फिरते, दांडिया बाजारातून भाजी आणते. दिवाळीनंतर होळीपर्यंत मात्र दोन-तीन लांबच्या फेऱ्या होतात. धोळावीरा आणि खडीर बेट दोनदा झालं, एकदा बाडमेरवरून जैसलमेरच्या बाजूला खुरी आणि समच्या वाळूतही गेलो. छोट्या रणात आमच्या ओळखीची अगरिया कुटुंबं आहेत. वर्षाचे जवळजवळ आठ महिने ती मिठाच्या अगरांवरच राहतात, मुलांसकट. त्यांच्यासाठी पांघरुणं, पुस्तकं, औषधाची पेटी असं काहीबाही घेऊन आम्ही जातो. त्यामुळे गाडी नेहमीच भरलेली असते, हे आधी सांगते.

गेल्या वर्षी मागून गाडी बसायला लागली. सामान भरलं की पुढचे दिवे आभाळाकडे बघायचे. शहरातल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने गाडीचं नाव विचारलं आणि आतून चार खोकी आणून ठेवली. 'बेन, आ सौथी हेवी छे,' म्हणाला, म्हणजे हे सर्वांत हेवी. गाडीत किती वजन असतं, कुठल्या रस्त्यावर जाता, पाटे किती जुने आहेत, यातलं काहीही त्याने विचारलं नाही. खोक्यावर लांबीचा आकडाही नव्हता. खरं तर मीही विचारायला हवं होतं. आम्ही २८ हजार रुपये मोजले, त्याच दिवशी चारही शॉक बसवले, आणि गाडी मागून जितकी बसत होती तितकीच बसत राहिली. तिथेच शंका यायला हवी होती. पण सगळे म्हणाले, आता 'हेवी' टाकलेत, काळजी नको.

बडोद्याहून विरमगाम, पाटडी, खाराघोडा हा रस्ता चांगला आहे. खाराघोड्यानंतर मिठाच्या ट्रकांनी पाडलेली वाट सुरू होते. तिच्यावर ट्रकच्या चाकांनी आडव्या लाटा उठवलेल्या असतात, अगदी छपराच्या पन्हळी पत्र्यासारख्या. वाळवंटात जाणाऱ्यांनी या पन्हळींकडे नीट बघायला हवं. आपल्याला भीती वाटते वाळूच्या टेकड्यांची, पण टेकडीवर गाडी हळू असते, जमीन मऊ असते, शॉकला फार काम पडत नाही. शॉक मरतो तो टेकडीपर्यंत नेणाऱ्या रस्त्यावर. मी त्या दिवशी उतरून टेपने मोजलं, एका लाटेच्या माथ्यापासून दुसऱ्या लाटेचा माथा साधारण ७५ सेंटिमीटरवर होता. म्हणजे किलोमीटरमागे १,३०० हून जास्त लाटा. ताशी ४० च्या वेगाने सेकंदाला पंधरा. आम्ही तसं २२ किलोमीटर गेलो, म्हणजे मागच्या प्रत्येक शॉकचा दांडा जवळजवळ २९ हजार वेळा आत-बाहेर झाला. दरवेळी हललो किती? बोटभर. पण प्रत्येक बोटभर हालचालीची ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी, आणि शॉकमध्ये तिला जायला एकच वाट असते, ती म्हणजे उष्णता.

सुरुवातीचे दहा किलोमीटर दात वाजत होते. नातीने पाण्याची बाटली मांडीवर घट्ट धरली होती आणि मागच्या खिडकीची काच दारात खडखडत होती. मग हळूहळू गाडी मऊ झाली. आम्हाला सगळ्यांना बरं वाटलं. माझे धाकटे दीर म्हणाले, 'वहिनी, आता कसं छान चाललंय.' आज आठवलं की अंगावर काटा येतो, कारण छान चाललं होतं ते शॉक तापून निकामी झाल्यामुळे. आतलं तेल पातळ झालं होतं, त्यात फेस झाला होता, आणि झडपेतून तेलाऐवजी फेस जायला लागला की आवरणारं काही उरत नाही. पुढे वाटेत एक सुकलेला ओहळ आडवा आला, फार खोल नाही, गुडघाभर. गाडी आत गेली, वर उसळली, परत खाली आली आणि मागे खाडकन आवाज झाला.

मी खाली वाकून बघितलं ते इतकं स्पष्ट आठवतं आहे की कागदावर काढून दाखवीन. उजव्या शॉकच्या वरच्या टोकापासून तेलाचा ओघळ खालपर्यंत आला होता आणि त्यावर रणाची पांढुरकी धूळ बसून तो भिजलेल्या कणकेसारखा जाड झाला होता. डाव्या शॉकपाशी हात नेला तर धग लागली. बाटलीच्या झाकणातून पाण्याचा एक थेंब त्यावर पडला, तो चर्र करून उडाला. उजव्या पाट्यांच्या थप्पीतला मेन पाटा मधोमध दुभंगला होता. आणि त्याच्यावर, चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला लावलेला रबरी ठोकळा, ज्याला बंप स्टॉप म्हणतात, त्याच्यावर धुळीचा थर जसाच्या तसा होता. कोणी बोटही लावलं नव्हतं असा. एवढा दणका बसला, तरी ज्याने दणका घ्यायचा त्या ठोकळ्याला मागची दोन चाकं जोडणारा दांडा, म्हणजे अ‍ॅक्सल टेकलाच नव्हता. मग दणका घेतला कोणी?

तेवढ्यात मीठ भरून एक ट्रक आला. चालवणारे काका साठीचे असतील. त्यांनी काही न विचारता ट्रकमधून लाकडाचा ठोकळा काढला, तो चासी आणि अ‍ॅक्सलच्या मधे बसवून साखळीने करकचून बांधला. मी त्यांना सांगत होते की महिन्यापूर्वीच नवीन हेवी शॉक टाकले आहेत. काका साखळी ओढता ओढता म्हणाले, 'बेन, वजन तो पाटा उपाडे, जंपर नई.'

बत्तीस वर्षं मी मुलींना स्प्रिंगचा नियम शिकवला होता. तो नियम मला त्या माणसाने रणात उभं राहून माझ्याच गाडीला लावून दाखवला. आम्ही ताशी पंधराच्या वेगाने पाटडीला परतलो. नात झोपली होती.

आपल्याकडे वाड्यांमधून झोपाळा असतोच, म्हणून झोपाळ्याचंच उदाहरण देते. झोपाळ्यावर बसलेल्या माणसाचं वजन पितळी कड्या पेलतात. झोका आवरायचा असेल तर आपण बाजूला उभं राहून हात लावतो. तो हात वजन पेलत नाही, हालचाल शांत करतो. कड्या लांबल्या, झोपाळा जमिनीला टेकायला लागला, तर कोणी जास्त ताकदीच्या माणसाला हात लावायला बोलावत नाही, कड्या बदलतो. गाडीत कड्यांच्या जागी स्प्रिंगा नाहीतर पाटे, आणि त्या हाताच्या जागी शॉक. गाडी उभी असताना मागून बसते आहे, तर तो पाट्यांचा प्रश्न आहे. गॅसच्या शॉकमध्ये आतल्या दाबाने दांड्यावर थोडा जोर येतो हे खरं, पण तो एका शॉकमागे तीस-चाळीस किलोचा, त्याहून फार नाही. आमच्या गाडीच्या मागे पावणेसहाशे किलो वाढलेले होते.

हे पावणेसहाशे मला नंतर कळले. परत आल्यावर मी पहिलं काम केलं ते मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत वजनकाट्यावर गाडी नेण्याचं. आधी रिकामी, टाकी भरलेली आणि एकटे यजमान आत. मग फेब्रुवारीत होतं तेवढंच सामान पुन्हा भरून, तितकीच माणसं बसवून. दोन्ही वेळा आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी. रिकाम्या गाडीचं वजन १,९२० किलो भरलं, पुढे १,०१० आणि मागे ९१०. भरलेल्या गाडीचं २,६१०. पुढे वाढले फक्त १२०, मागे वाढले ५७०. आरसी बुकात एकूण वजनाची मर्यादा २,५१० लिहिली आहे. म्हणजे आम्ही शंभर किलो मर्यादेबाहेर होतो आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. माझी सगळ्यांना हात जोडून विनंती आहे, शॉक, स्प्रिंग, टायर यांतलं काहीही विकत घेण्याआधी काट्यावर जा. थोड्या पैशांचं आणि अर्ध्या तासाचं काम आहे. पाणी लिटरला किलो धरायचं, आमचं ८० लिटर होतं. डिझेलचा वीस लिटरचा भरलेला कॅन वीस किलोच्या आसपास जातो. टपावरचं लोखंडी कॅरिअर एकटंच ४५ किलोचं निघालं, ते आम्ही काढून टाकलं. शेकोटीसाठी घरून लाकडं न्यायचं बंद केलं. एक तंबू कमी केला. वजन २,४३० वर आलं. अगरांवर न्यायचं सामान मात्र कमी केलं नाही.

आता तो कोरा बंप स्टॉप. घरी आल्यावर यजमानांनी आणि मी गाडी सपाट जागी उभी करून मापं घेतली. अ‍ॅक्सल बंप स्टॉपला टेकतो तेव्हा शॉकच्या दोन डोळ्यांमधलं, म्हणजे दोन टोकांच्या कड्यांमधलं, अंतर ३३० मिलिमीटर भरत होतं. आणि आम्ही २८ हजारांत घेतलेला मागचा शॉक पूर्ण दाबला की ३४५ मिलिमीटरवर अडत होता. पंधरा मिलिमीटर आधीच! तो बहुधा उंच केलेल्या गाडीसाठी बनवलेला होता. म्हणजे ओहळात गाडी दबली तेव्हा शॉकचा पिस्टन तळाला जाऊन आदळला, आणि त्या एका क्षणी खरोखरच भरलेल्या गाडीचं वजन शॉकवर आलं. तो फुटला नसता तरच नवल होतं. पुढे आम्ही तो मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात कापून घेतला (हे घरी कोणी करू नये, आत गॅस दाबाखाली असतो, आधी भोक पाडून तो सोडावा लागतो). आत तळाशी असलेली झडप चेपली होती आणि तेल काळं, करपट वासाचं झालं होतं.

म्हणून दुकानात उभं राहिल्यावर कडक की मऊ हे विचारण्याआधी दोन लांब्या विचारायला हव्यात, पूर्ण दाबलेला किती आणि पूर्ण ताणलेला किती. दाबलेला शॉक बंप स्टॉपपेक्षा आधी अडता कामा नये. ताणलेला शॉक चाक लोंबकळताना ब्रेकच्या पाइपाआधी ताणला जायला हवा, पण इतकाही आखूड नको की प्रत्येक खड्ड्यात त्याचा दांडा खेचून थांबेल. आमच्या गॅरेजवाल्या भाईंकडे याची एक सोपी परीक्षा आहे. बंप स्टॉपवर कणकेचा लहान गोळा चिकटवायचा आणि भरलेली गाडी खराब रस्त्यावरून फिरवून आणायची. गोळा चपटा झाला तर ठोकळा आपलं काम करतो आहे. गोळा गोल राहिला आणि तरीही दणका बसला, तर दणका शॉक घेतो आहे. मी लगेच माझ्या जुन्या सहकारी शिक्षिकांना फोन करून हे सांगितलं, इतकी ती युक्ती मला आवडली.

कडक म्हणजे काय, हेही सांगायला हवं, कारण लेखातली खरी चूक तिथेच आहे. शॉक दोन दिशांनी आवरतो. चाक वर येताना आणि स्प्रिंग परत उलगडताना. वजन वाढलं, पाटे मजबूत टाकले, की उलगडताना स्प्रिंग जास्त जोराने परत फेकते, म्हणून परतीची दिशा थोडी घट्ट हवी. वर येतानाची दिशा फार घट्ट केली तर पन्हळींचा प्रत्येक धक्का थेट चासीत आणि पाठीत जातो. आणि परतीची दिशा अति घट्ट केली तर त्याहून वाईट होतं. चाक खाली यायच्या आत पुढची लाट येते. पुन्हा थोडं दबतं, पुन्हा खाली येता येत नाही, आणि गाडी लाटालाटांनी मागून बसत जाते. बघणाऱ्याला वाटतं वजन जास्त झालं. टायर जमिनीवर न टेकता लाटांच्या माथ्यांवरून नाचायला लागतो आणि वळणावर मागची बाजू घसरते. 'गाडी खाली बसू नये म्हणून सर्वांत कडक' हा सल्ला पन्हळींवर गाडी खाली बसवतो. म्हणूनच मी त्याला विरोध करते आहे.

आता आम्ही शेवटी काय घेतलं ते सांगते, कोणाला उपयोग झाला तर. आधी पाटे. तुटलेल्या मेन पाट्यासह पूर्ण थप्पी बदलली. कारागीर म्हणत होते, कायम ५०० किलो जादा पेलणारी थप्पी बसवा. आम्ही मागे साधारण ३०० किलो जादा पेलणारी घेतली. कारण वर्षातले दहा महिने गाडी रिकामी फिरते, आणि फार जाड पाट्यांवर रिकामी गाडी मागून उड्या मारते, पावसात ब्रेक दाबला की धोका. ज्या वजनावर गाडी जास्त दिवस चालते त्या वजनाचे पाटे, आणि सहलीचं वजन त्याच्या आसपास आणायचं, असं मला पटलं. मधे पाट्यांना आधार म्हणून बसवायच्या हवेच्या फुग्यांचाही सल्ला मिळाला होता. चासीच्या एकाच जागी सगळा भार येतो, म्हणून नको म्हटलं.

मग शॉक. पुढे वजन १२० किलोच वाढतं, हे काट्याने सांगितलेलं होतं, म्हणून पुढे चांगल्या दर्जाचे साधे दोन नळ्यांचे शॉक ठेवले. दोन नळ्यांचा म्हणजे आतल्या नळीत पिस्टन आणि बाहेरच्या नळीत जादा तेल व थोडा गॅस. बाहेरून दगड लागून पोचा पडला तरी आतला पिस्टन चालत राहतो, हा त्याचा मोठा गुण. पण तेलाची उष्णता दोन भिंतींतून बाहेर यायची, म्हणून तो लवकर तापतो, आणि तेल-गॅस एकाच जागी असल्याने फेस होतो. गॅसच्या जागी स्पंजसारखा फोम भरलेलेही शॉक मिळतात, त्यात फेस होत नाही. मागे आम्ही एकनळीचे घेतले. त्यात एकच नळी, तेल आणि नायट्रोजन यांच्यामधे तरंगता पिस्टन, गॅसचा दाब गाडीच्या टायरच्या दहापट आणि त्याहून जास्त. तेलाची भिंत थेट हवेला लागते, म्हणून उष्णता लवकर जाते आणि फेसाचा प्रश्नच येत नाही. याचा दोष असा की नळीला पोचा पडला तर पिस्टन तिथेच अडकतो. रणात दगड जवळजवळ नाहीतच, चिखल आणि मीठ आहे. खडीर बेटावर आणि बाडमेरच्या बाजूला आहेत, म्हणून समोरून जाड रबराचा पडदा लटकवला. कोणाची सगळी भटकंती खडकाळ भागातच असेल तर त्यांनी मागेही जाड दोन नळ्यांचे घ्यावेत असं माझं मत आहे. एका अ‍ॅक्सलवरचे दोन्ही शॉक मात्र नेहमी जोडीनेच बदलायचे.

बसवतानाची एक गोष्ट गॅरेजमध्ये स्वतः उभं राहून बघावी. दोन नळ्यांचा शॉक खोक्यात आडवा पडून राहतो, आतल्या नळीत हवा शिरलेली असते. तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून-ताणून मगच चढवायचा. आणि डोळ्यांतल्या रबरी बुशांचे नट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर टेकल्यावर, गाडी आपल्या उंचीवर उभी असताना शेवटचा आवळायचा. नाहीतर बुश कायम पिळलेला राहतो आणि दोन सहलींत फाटतो. आमच्या आधीच्या शॉकचे बुश असेच पिळलेले होते.

टायरमधल्या हवेविषयी थोडक्यात, कारण लेखात ते बरोबर आलं आहे. डांबरावर आम्ही मागे ३६ पौंड ठेवतो, पन्हळींच्या वाटेवर २६, मऊ वाळूत १६ ते १८ आणि वेग अगदी कमी. परत डांबर लागलं की आधी पंपाने हवा भरायची, मग निघायचं. मऊ टायर हा शॉकच्या आधीचा शॉक आहे, लहान थरथर तोच गिळतो. आणि दर अर्ध्या तासाने थांबायचं. थांबल्यावर चारही शॉकजवळ हाताची मागची बाजू नेऊन बघायची, लावायची नाही. दोन्ही मागचे सारखे गरम असतील तर ठीक. एक गरम आणि एक थंड असेल तर थंड असलेला काम करत नाही.

रणातून आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवायला लोक विसरतात. शॉकचा चकचकीत दांडा मिठाच्या चिखलाने खवला जातो, त्याला बारीक खड्डे पडतात आणि तेच खड्डे आत-बाहेर होताना तेलाचं सील कापतात. दांड्यावर धूळ येऊ नये म्हणून रबरी पिशवी चढवतात, तिच्यात तर मिठाचा चिखल साठूनच राहतो. आमच्या गाडीच्या आम्ही काढून टाकल्या. पाटडीतच धुवून निघायचं, बडोद्यापर्यंत थांबायचं नाही.

संपादक महोदय, पावसाळ्यात बंद असलेलं छोट्या रणातलं घुडखर (रानगाढवांचं) अभयारण्य ऑक्टोबरच्या मध्यानंतर उघडतं आणि मग बडोद्याहून दर शनिवार-रविवारी गाड्या निघतात. त्यांतल्या कित्येकांत लहान मुलं असतात. त्याआधी त्या वाक्याची दुरुस्ती आपल्या पुरवणीत यावी, एवढीच विनंती आहे. लेखकांविषयी माझी काही तक्रार नाही, तो सल्ला सगळीकडेच दिला जातो, आम्हालाही दिला गेला. शॉक विकणारे आपल्या वाचकांमध्येही असतीलच. त्यांनी खोक्यावर दाबलेली आणि ताणलेली लांबी लिहावी, नसेल लिहिलेली तर टेपने मोजून सांगावी, आणि गिऱ्हाइकाला काट्याची पावती मागावी. मी आता कोणत्याही दुकानात गेले की पावती आधी काउंटरवर ठेवते. मागच्या महिन्यात एका तरुण विक्रेत्याने ती नीट वाचली, मागचे ५७० बघून थांबला, आणि म्हणाला, 'मासी, पहेला पाटा जोई लईए.' म्हणजे आधी पाटे बघू. मला फार बरं वाटलं.

कापलेला शॉक मी माझ्या शाळेच्या प्रयोगशाळेत देऊन आले. नोव्हेंबरात आम्ही पुन्हा खाराघोड्याला जातो आहोत, नातही येणार आहे. कणकेचा गोळा लावायचं आणि प्रत्येक थांब्यावर वाकून बघायचं काम तिने स्वतःकडे मागून घेतलं आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदे